मुखपृष्ठावरचा स्थानिक मच्छीमार

पुस्तिका गुळगुळीत आहे, जाड कागदाची आहे आणि खोटी आहे. मुखपृष्ठावर निळं पाणी, मागे तिवरांची हिरवी रेघ, पुढे धक्क्यावर उकिडवा बसलेला एक म्हातारा. कमरेला चौकड्यांची लुंगी, डाव्या हातात खालचा ओठ पुढे आलेला भला मोठा मासा, उजव्या हातात सुरी, तोंड बोलता बोलता उघडं राहिलेलं. खाली इंग्रजीत आणि अरबीत छापलंय: 'संरक्षित क्षेत्राचं स्वागत करताना एक स्थानिक मच्छीमार.'

हा स्थानिक मच्छीमार म्हणजे आमचे याकूब होडेकर. राहणार दाभोळच्या खाडीच्या तोंडावरचं एक गाव, तालुका दापोली. सौदीतल्या ज्या कार्यालयाने त्यांना 'ही नोकरी आता इथल्या माणसाला द्यायची आहे' असं सांगून परतीच्या विमानात बसवलं, त्याच कार्यालयाने त्यांची पाठ फिरल्यावर त्यांना मुखपृष्ठावर इथला करून टाकलं.

पुस्तिका माझ्या हाती पडली तेव्हा याकूबचाचा गावच्या कब्रस्तानात होते. असते तर सूड कसा घ्यायचा ते त्यांनी नीट ठरवलं असतं. ते नाहीत, म्हणून मी लिहितोय. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात शत्रूचं नाव पहिल्या ओळीत, ठळक टायपात टाकायचं असतं. संपादक म्हणतात, खरी नावं नकोत. ठीक आहे. त्या कार्यालयातल्या साहेबाला प्रधान म्हणू. तो वाचेल आणि त्याला कळेल, तेवढं पुरे.

मी जिझानला गेलो तो डेटा असिस्टंट म्हणून. रत्नागिरीला कॉलेजात असताना मच्छीमार संघटनेची पत्रकं लिहायचो आणि वाटायचोही. सौदीतलं काम कागदावर फार देखणं होतं. जिझानच्या उत्तरेला तिवरं आणि समुद्री गवत असलेल्या एका पट्ट्यात संरक्षित सागरी क्षेत्र उभारायचं, आणि तेही 'स्थानिकांच्या सहभागाने'. हे शेवटचे दोन शब्द वाचून मी सही केली. कोकणात सरकारने किनाऱ्यावर रेघ मारली की गावाला ती वर्तमानपत्रातून कळते. इथे आधी विचारणार आहेत, असं वाटलं होतं.

कॅम्पवर पोचलो त्या पहिल्याच दुपारी मागच्या नळावर एक गृहस्थ मासे साफ करत बसले होते. आणि माशांशी बोलत होते.

"ये रे व्हिसावाल्या कफील, ये. लई पळालास." खच्च. मुंडकं बाजूला. "आता तू, इक्बाल मेस्त्री. माझं स्पॅनर परत देतो म्हणालास नं?" खच्च.

मी विचारलं, "चाचा, कोणाशी बोलताय?"

त्यांनी वर न बघताच सांगितलं, "दुश्मनांशी. माणसाला कापलं तर जेल हाय. माशाला कापलं तर कालवण हाय."

त्या संध्याकाळचं कालवण मी खाल्लं. आमसूल घरचं होतं. इक्बाल मेस्त्री फार चवदार निघाले.

याकूबचाचांनी निम्मं आयुष्य तांबड्या समुद्राच्या काठाने काढलं होतं. जेद्द्याला गोदीत इंजिनं दुरुस्त केली, मग जिझानला होड्या चालवल्या. अरबी असं बोलायचे की बाजारातला माणूस दोनदा वळून बघायचा. राग विसरणं हा त्यांच्या मते अशक्त माणसाचा आजार होता. "माफ करणं अल्लाचं काम," ते म्हणायचे, "माझ्याकडे तेवढा वेळ नाय." मात्र सूड घाईने घ्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. "सूड आंब्यासारखा अढीत घालायचा. घाईने काढला की आंबट." जिझानचे लोक आपल्या आंब्याचं कौतुक सांगायला लागले की चाचा विनयाने मान डोलवायचे आणि मला हळूच सांगायचे, "खा, खा. उपासाला चालेल."

कॅम्पबॉसची गोष्ट सगळ्या कॅम्पला पाठ होती. चाचांच्या खोलीत सहा माणसं आणि एक एसी. भर उन्हाळ्यात कॅम्पबॉसने तो एसी काढून स्वतःच्या खोलीत बसवला. बाकीचे पाच आरडाओरडा करून आले. चाचा मात्र महिनाभर ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपले. मग एक दिवस आपण होऊन कॅम्पबॉसकडे गेले, "साब, एसी का जाली साफ कर देता हूँ." साफ केली. आणि आत गावाहून आलेले चार सुके बोंबील ठेवून दिले.

कॅम्पबॉसने गालिचा धुतला. गादी उन्हात टाकली. खोलीतल्या जोडीदाराला दोनदा आंघोळीला पाठवलं. अखेर 'ये मशीनही खराब है' म्हणत एसी स्वतः उचलून चाचांच्या खोलीत आणून दिला. चाचांनी बोंबील काढले, धुतले, तिखटमीठ लावून तळले. "वाया कशाला घालवायचं? गार हवेत राहिलेत, ताजे हायत."

मला त्यांनी नाव ठेवलं होतं 'पत्रक'. "ए पत्रक, आज कुणावर निषेध?"

आता प्रधान. हा पुण्याचा. प्रकल्पाचा समन्वयक. शर्ट इस्त्रीचा, बूट पॉलिशचे, मराठी अगदी स्वच्छ आणि तिच्यात दर चौथा शब्द इंग्रजी. खालचा ओठ जरा पुढे. आम्हा मराठी पोरांना पहिल्या दिवशी म्हणाला, "वी आर अ फॅमिली हिअर." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्या वर्षांत सगळीकडे सौदीकरणाचं वारं होतं. दर कामात ठरावीक वाटा सौदी माणसांचा असला पाहिजे, दर होडीवर एक सौदी माणूस असलाच पाहिजे. चाचा चालवायचे त्या आमच्या पाहणीच्या होडीवर नासर नावाचा तरुण आला. काठावरच्याच मच्छीमार गावातला, तिथल्या म्होरक्याचा, अबू नासरचा मुलगा. यात चूक काय? काहीच नाही. समुद्र त्यांचा, नोकरी त्यांना मिळायलाच हवी. मी आजही हे ठासून सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी भलत्याच माणसावर दात धरू नये.

पण ते कसं केलं ते ऐका. सकाळची वेळ. धक्क्यावर गाव जमलेलं. इंजिन चालू, चाचा सुकाणूवर. प्रधान धक्क्यावरून ओरडला, "याकूब, ऊठ जरा. आजपासून नासर कॅप्टन. तू मागे बस, अरबी लागेल तेव्हा बोल."

नासर कानकोंडा झाला. अरबीत म्हणाला, "चाचा, बसा तुम्हीच. मी शेजारी उभा राहतो."

"नो, नो. मिनिस्ट्रीला फोटो पाठवायचाय. याकूब, क्विक!"

चाचा उठले. मागे जाऊन बसले. दिवसभर अरबी बोलले, प्रधानाला पाण्याची बाटली उघडून दिली. संध्याकाळी कॅम्पवर मला म्हणाले, "पत्रक, आमच्या गावात तांडेलाला सुकाणूवरनं एकदाच उठवतात. खांद्यावर घ्यायला."

"नासरने स्वतःच नाही म्हणायला हवं होतं," मी म्हणालो.

"त्याला मधे आणू नको. त्याचा दर्या, त्याचं सुकाणू. माझा हिसाब उठवणाऱ्याशी."

त्या दिवसापासून प्रधान हे नाव फक्त हमूर माशाला मिळायचं. हमूर मोठा, जाडजूड, खालचा ओठ पुढे. बारक्या माशाला ते नाव दिलं तर माशाचा अपमान, असं चाचांचं मत.

प्रधानाने कागदावर चाचांना 'दुभाषी' करून ठेवलं होतं. "तेवढ्यावर तुझा इकामा, रेसिडेन्स परमिट, टिकेल, याकूब. माझे उपकार समज," हे तो महिन्यातून एकदा ऐकवायचा. आणि चाचांना टिकायचं होतं. बायको गेलेली, मुलगी पनवेलला तिच्या संसारात, वडिलांची होडी भावांनी कधीच विकलेली. गावी ते पाहुणे होते. इथे दर शुक्रवारी अबू नासरच्या होडीत पुढच्या फळीवर त्यांची बसायची जागा ठरलेली होती. अबू नासर आणि ते गऱ्या टाकून तासन्‌तास बसायचे, फारसं न बोलता. त्या फळीसाठी चाचा प्रधानाला बाटल्या उघडून देत होते.

ते जायचे ती गवताची खाडी. तिचं अरबी नाव मी लिहिणार नाही. उथळ पाणी, तळाला गवताचं कुरण. तिथे समुद्रगाय चरायला येते. गावकरी तिला समुद्राची नवरी म्हणतात. पिल्लू घेऊन ती येते त्या महिन्यांत खाडीत जाळं टाकायचं नाही, फक्त गरी, हा गावाचा नियम. कुणी लिहिलेला नाही, कुणी मंजूर केलेला नाही. मोडणाऱ्याची होडी गाव ओढून वाळूवर आणतं आणि उपडी करतं. उपड्या होडीकडे महिनाभर कुणी बघतसुद्धा नाही. म्हणजे बघा, संरक्षित क्षेत्र तिथे आधीपासून होतंच. फक्त त्याची पुस्तिका छापलेली नव्हती.

मग तज्ज्ञ आला. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात त्याने बर्फाच्या समुद्रावर अशीच संरक्षित क्षेत्रं उभारली होती. चाचांनी त्याला 'बर्फवाला' म्हटलं आणि आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो.

अबू नासरच्या बैठकीत पडदा लावला. बाहेर दमट उकाडा, धुळीचं वारं, आणि आत भिंतीवर बर्फच बर्फ. सुळेवाला वॉलरस दिसला तसे म्हातारे हसायला लागले. एक म्हणाला, "हा तर माझा सासरा." बर्फवाला इंग्रजीत बोलायचा, चाचा अरबीत सांगायचे. तिथले शिकारी पिढ्यान्‌पिढ्या त्या बर्फावर राहतात. सरकारने आधी त्यांना न विचारता रेघा मारल्या, त्या फुकट गेल्या. मग त्यांचे म्हातारे बोलावले. व्हेल कुठून येते, बर्फ कुठे पातळ, पिल्लं कुठे, हे त्यांनी सांगितलं, रेघ त्यांनी मारली, आणि पहाराही तेच करतात.

अबू नासर लक्ष देऊन ऐकत होता. आलं घातलेला कॉफीच्या सालांचा काढा त्याने स्वतः ओतला आणि विचारलं, "त्या लोकांनी आपल्या शिकारीच्या जागा परक्याला लगेच सांगितल्या?"

बर्फवाल्याने प्रामाणिक उत्तर दिलं. "नाही. आम्ही त्यांच्यात राहिलो. कित्येक हिवाळे गेले, तेव्हा कुठे."

"आणि इथे तू किती राहणार?"

बर्फवाल्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, "टेल देम, टू आफ्टरनून्स. व्हेरी इंटेन्सिव्ह."

चाचांनी जसंच्या तसं सांगितलं. अबू नासरने मान डोलावली. आमच्याकडे पाहुणा 'उद्या निघतो' म्हणाला की यजमान डोलावतो तशी.

मला प्रधानापेक्षा बर्फवाल्याचा संताप जास्त आहे. प्रधानाला काही माहीतच नव्हतं. याला सगळं माहीत होतं. दोन दुपारींत हे होत नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं आणि तो गप्प बसला. चाचांचं मत वेगळं. "तो वाईट नाय रे. वाईट माणसाचा सूड घेता येतो. ह्याचं काय करायचं तेच कळत नाय."

दुसऱ्या दुपारी बैठकीत मोठा नकाशा अंथरला. माझ्या हातात हिरव्या टिकल्यांचे कागद. प्रत्येकाने यायचं आणि आपण जिथे मासे धरतो तिथे टिकली लावायची. चाचा शेजारी, विचारलेलं अरबीत सांगायला आणि सांगितलेलं इंग्रजीत.

आता मच्छीमार, मग तो दाभोळचा असो की जिझानचा, आपली माशाची जागा जावयालासुद्धा सांगत नाही. बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो. विचारणाऱ्याला भलतीच जागा सांगणं हे खोटं बोलणं नसतं, तो रिवाज आहे. बेअदब असतो तो विचारणारा. मला पत्रकं लिहिता येत होती, पण हे ठाऊक नव्हतं. चाचांना होतं.

अबू नासरने पहिली टिकली एका उघड्या वाळूच्या पट्टीवर लावली. मागोमाग सगळे आले. कुणी खडकांवर लावली, एकाने तर चक्क जमिनीवर. गवताच्या खाडीवर एकही नाही.

"वंडरफुल!" प्रधान म्हणाला. "फुल पार्टिसिपेशन!"

ज्या माणसाबरोबर दर शुक्रवारी त्या खाडीत गऱ्या टाकायचे, त्याची खोटी जागा चाचा गंभीर चेहऱ्याने प्रधानाला सांगत होते. "साहेब, ते म्हणतात, इथे लय मासा." परत येताना गाडीत गुणगुणत होते. मी विचारलं तर म्हणाले, "अढी घातली."

त्यानंतरचाच शुक्रवार. चाचा धक्क्यावर मासे साफ करत होते, फार खुशीत. बर्फवाला कॅमेरा घेऊन फिरत होता. चाचांनी टोपलीतला सगळ्यात मोठा हमूर उचलला, सुरी घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "या प्रधानसाहेब, या! तुमचीच वाट बघत व्हतो!" बर्फवाल्याने फोटो काढला. मला विचारलं, हा काय म्हणतोय? मी म्हणालो, स्वागत करतोय.

तोच हा फोटो. पुस्तिकेची प्रत ज्याच्या ज्याच्याकडे असेल त्याने आता मुखपृष्ठ पुन्हा बघावं. त्या हमुराचा ओठ बघावा. दुसऱ्याच क्षणी त्याचं मुंडकं उडालं. प्रधानाने स्वतःचा शिरच्छेद गुळगुळीत कागदावर छापून मंत्रालयात वाटलाय, आणि हे त्याला आज कळतंय.

चाचांचा हिशोब सरळ होता. नकाशा भलताच निघेल, पाहणीत उघडा पडेल, प्रधानाचं भर कचेरीत हसं होईल. पण प्रधानाच्या डोक्याची चाल त्यांनी हिशोबात धरली नव्हती. प्रधानाने टिकल्या सोडून उरलेली जागा निवडली. जिथे कुणी मासे धरत नाही तिथे बंदी घातली तर कुणाचं भांडण नाही! शास्त्रज्ञही खूश, कारण समुद्रगाय नेमकी तिथेच. गवताच्या खाडीभोवती रेघ पडली. आत कुणीही जायचं नाही, जाळं नाही, गरीसुद्धा नाही. गावाचं हिवाळ्यातलं पोट त्या एका खाडीवर.

आम्ही होडीतून चाललो असताना खाडीच्या तोंडावर नारिंगी बोया टाकलेले दिसले. नासर सुकाणूवर होता. त्याने बोयांकडे बघितलं, मग चाचांकडे, आणि पुढे बघत राहिला. चाचांनी त्या दिवशी मासे साफ केले नाहीत.

शुक्रवारी ते नेहमीसारखे गावात गेले. मीही होतो. अबू नासरची होडी वाळूवर होती. उपडी. गावाने केलेली नव्हती, त्याने स्वतःच केली होती. चाचा तिथेच वाळूत बसले.

अबू नासर आला. आवाज चढलेला नव्हता. "याकूब, आम्ही खोटं बोललो, तो आमचा रिवाज. तुला खरं माहीत होतं. ते खोटं तू कशासाठी पोचवलंस?"

उलट बोलण्यात ज्याचा हात धरणारा कॅम्पवर कुणी नव्हता, तो माणूस वाळू चिवडत राहिला. मग एवढंच म्हणाला, "दुसऱ्यासाठी टाकलेला गळ होता."

"लागला आम्हाला."

पुढचे काही दिवसही कॅम्पच्या नळावर चाचांची सुरी निघाली नाही. एक दिवस म्हणाले, "चल पत्रक, गावात जायचंय. कपडे बरे घाल."

अबू नासरच्या बैठकीत आठदहा माणसं होती. आम्हाला बसायला सांगितलं, कारण आलेल्याला उभं ठेवत नाहीत. कॉफी ओतली. चाचांनी कप हातात घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला. बैठकीतल्या सगळ्यांच्या नजरा कपावर गेल्या. तिथला रिवाज असा की पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याचं मागणं आहे, आणि ते मान्य झाल्याशिवाय तो पिणार नाही. पाहुणा न पिता उठला तर घराची बेअब्रू.

"पी," अबू नासर म्हणाला.

"मागणं हाय." हे मराठी माझं. त्यांचं अरबी होतं, पण माझ्या कानाला ते दाभोळचंच ऐकू येत होतं. "बर्फवाल्याला तुझ्या होडीत घे. खऱ्या जागा दाखव. कागदावर नको, पाण्यावर. जाळं कधी बंद असतं, गरी कधी चालते, होडी कधी उपडी होते, सगळं सांग."

"माझ्या बापाने मरताना सांगितलेल्या जागा मी परक्याला दाखवू?"

"लपवल्यास, म्हणून गेल्या."

कुणीतरी म्हणालं, निर्लज्ज आहे हा. चाचा हलले नाहीत. कॉफी निवत होती. शेवटी अबू नासर म्हणाला, "आधी तू बोल. तुझ्या साहेबासमोर, मंत्रालयाच्या माणसांसमोर. तुला माहीत होतं, आणि तू का गप्प बसलास. मग आम्ही बोलू."

चाचांनी कप उचलला आणि गार कॉफी एका घोटात प्याले.

परतताना मी म्हणालो, "चाचा, नोकरी जाईल. इकामा जाईल."

"जाईल."

"मग?"

"प्रधानाच्या नकाशाची अब्रू भर सभेत काढायची व्हती नं मना? निघेल की. फक्त तिच्याबरोबर माझी पण निघेल."

शेवटची सभा कार्यालयात झाली. मंत्रालयाची मंडळी, खजूर, कॉफी, पडद्यावर नकाशा. मागच्या खुर्च्यांवर अबू नासर आणि गावचे लोक. प्रधान सुटात. म्हणाला, "द कम्युनिटी हॅज व्हॅलिडेटेड धिस मॅप. झिरो कॉन्फ्लिक्ट." आणि शेजारी उभ्या चाचांना खूण केली, सांग.

चाचा बोलायला लागले. एवढ्या छोट्या वाक्याला एवढं लांब अरबी कसं, हे प्रधानाच्या थोडं उशिरा लक्षात आलं. मंत्रालयातले ज्येष्ठ गृहस्थ पुढे वाकून ऐकत होते. मागे अबू नासर मान खाली घालून बसलेला.

"याकूब," प्रधान दबक्या आवाजात मराठीत म्हणाला, "काय सांगतोयस त्यांना?"

आणि चाचांनी दुभाष्याचं काम चोख केलं. खणखणीत मराठीत सांगितलं, "साहेब, ह्यांना सांगितलं की नकाशा खोटा हाय. माणसं खोटं बोलली आणि मना ते माहीत व्हतं. मी गप्प बसलो, कारण तुम्ही मना गावासमोर सुकाणूवरनं उठवलंत. तुमचं हसं व्हावं म्हणून मी गप्प बसलो आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्यांची खाडी गेली. सांगितलं की पुन्हा विचारा. होडीत बसून विचारा. आणि दोन दुपारींत नाय."

मग तेच त्यांनी बर्फवाल्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. बर्फवाला उठला. इतका वेळ ज्याची वाट बघत होतो ते वाक्य अखेर त्याच्या तोंडून निघालं. "तो बरोबर बोलतोय. मला हे आधीच माहीत होतं." आयुष्यात एकदा का होईना, बर्फ वितळला.

रेघ बदलली. बर्फवाला राहिला, अबू नासरच्या होडीत बसला, उलट्या केल्या, पुन्हा बसला. त्यासाठी वाळूवरची होडी गावाने मिळून सुलटी केली. आता बोयांच्या आत गरी चालते, पिल्लाच्या महिन्यांत जाळं बंद, आणि पहारा गावाचाच. हे सगळं पुस्तिकेत चौदाव्या पानावर आहे. मथळा: 'श्री. प्रधान यांचं अभिनव सहभाग प्रारूप'. याकूब होडेकर हे नाव पुस्तिकेत कुठेही नाही. मी तीन वेळा शोधलं.

चाचांना प्रधानाने केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, मी ऐकलं. "आय अ‍ॅम हेल्पलेस, याकूब. दुभाष्याची पोस्टही सौदीकरणात गेली. पॉलिसी आहे." पॉलिसी खोटी नव्हती. पण भाजी चिरायची सुरी आणि पाठीत खुपसायची सुरी एकाच लोखंडाची असते. त्या जागेवर आजतागायत कुणी सौदी आला नाही. ती पोस्टच बंद झाली. खलास.

"ठीक हाय साहेब," चाचा म्हणाले. "एसीची जाळी साफ करून देऊ जाता जाता?"

प्रधान म्हणाला, "थँक्स, याकूब. नाइस ऑफ यू." कॅम्पची ती गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. त्यापुढे काय झालं ते मी लिहीत नाही. एवढंच, की त्या केबिनमध्ये नंतर दोनदा गालिचा बदलला.

आता शेवटचं. विमान संध्याकाळचं होतं. सकाळी मी त्यांचा दोरीने बांधलेला खोका घेऊन धक्क्यावर उभा होतो. चाचा अबू नासरचा निरोप घेऊन यायचे होते. धक्क्याच्या टोकाला प्रधान, रियाधहून आलेल्या पाहुण्यांना हात करून नवी सीमा दाखवत होता. अंगात सूट, पायात पॉलिशचे बूट.

गावाकडून कार्यालयाची होडी आली. कागदावरचा कॅप्टन नासर पुढच्या फळीवर बसला होता. सुकाणूवर चाचा. विमानासाठी घातलेली पँट, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल. होडी सरळ धक्क्यावर येत होती आणि वेग कमी होत नव्हता. पाहुणे मागे सरकले. प्रधान सरकला नाही, तो अजून बोलत होता. धक्क्यापासून हातभरावर चाचांनी सुकाणू असं फिरवलं की होडी कुशीवर झाली, आणि तांबड्या समुद्राची एक अख्खी लाट उठून प्रधानाच्या छातीपर्यंत आली.

मी हसलो. मोठ्याने हसलो. नोकरीची पर्वा तेव्हाच सुटली.

चाचांनी मागे वळूनही बघितलं नाही. होडी धक्क्यावरून दिसणाऱ्या त्या खाडीकडे निघाली. नारिंगी बोयांपाशी आल्यावर त्यांनी इंजिन अगदी मंद केलं. आत नवरी चरत असते, तिला त्रास नको. होडी आवाज न करता आत सरकली. थोडा वेळ ते तसेच बसले, हात सुकाणूवर.

मग उठले. कुणी उठवलं नाही, आपण होऊन उठले. नासरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सुकाणूवर बसवलं, आणि स्वतः पुढच्या फळीवर, शुक्रवारच्या आपल्या जागेवर जाऊन बसले.